एचजीटी आणि लॅबचा रिपोर्ट जुळत नाहीत तेव्हा: वॉर्डात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

पहाटे सहाची एचजीटी (बोटातल्या थेंबावर मीटरने मोजायची शुगर) घेतली आणि मीटरवर ३४२ आले. रात्री दहाला हेच आजोबा १४६ होते. मधे काही खाल्लेलं नाही, लघवीला जास्त जाणं नाही, गप्पा नेहमीसारख्या. नवी सिस्टर केसपेपरवरचा इन्सुलिनचा तक्ता बघून सिरिंज भरायला निघाली होती. तिला थांबवलं आणि आजोबांचा हात हातात घेतला. बोटं चिकट, नखात संत्र्याची साल. तोंडाला कोरड पडली म्हणून त्यांनी संत्रं सोलायला घेतलं होतं. शुगर तपासायची आहे हे आठवून खाल्लं मात्र नव्हतं. बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेलं होतं, तरी रस पुरता निघाला नव्हता. साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटातून पुन्हा घेतली. १३८. तक्त्याप्रमाणे ३४२ चं इन्सुलिन त्या १३८ वाल्या माणसाला गेलं असतं, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

त्याच दुपारी उलटी तक्रार आली. शेजारच्या कॉटवरच्या काकूंची दहाची एचजीटी ११८ आणि लॅबचा रिपोर्ट ८९. "मीटर तीसने जास्त दाखवतंय," असं राउंडला ठरूनही गेलं. चौकशी केली तेव्हा कळलं, रक्त साध्या बल्बमध्ये (रक्त भरायच्या नळीत) भरलं होतं आणि न्यायला वॉर्डबॉय मामा येईपर्यंत चार तास ट्रेमध्ये पडून होतं. बल्बमधल्या पेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात. दोन्ही मशीन ठीक होती. मशीनपर्यंत पोचलेलं रक्त तेवढं बदललं होतं.

नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते: आकडे जुळले नाहीत की आधी रक्ताची हकीकत विचारा. कुठल्या हातातून घेतलं, कशात भरलं, किती वाजता घेतलं, किती वाजता तपासलं. मशीनवर संशय त्यानंतर. लॅबच्या तपासणीतल्या चुकांपैकी बहुतेक चुका नमुना मशीनमध्ये जायच्या आधीच झालेल्या असतात, म्हणजे त्या आपल्या हातात असतात.

१. आधी प्रश्न ठरवा

सुई टोचण्याआधी स्वतःला विचारा: मला आत्ता, या पाच मिनिटांत काही करायचं आहे, की नेमका आकडा कळायला हवा आहे?

पेशंट बेशुद्ध आणला, घाम फुटलाय, झटका येतोय, असंबद्ध बोलतोय, तर आधी एचजीटी. लॅबच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. ७० च्या खाली आली तर साखर कमी आहे असं धरून लगेच डॉक्टरांना सांगायचं. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने, १५ मिनिटांनी पुन्हा एचजीटी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, त्याला शिरेतून डेक्स्ट्रोज लागतं. शीर मिळालीच आहे तर डेक्स्ट्रोज सोडण्याआधी एक बल्ब भरून ठेवा. नेमकी किती खाली गेली होती ते त्यातून कळेल, पण उपचार त्या बल्बसाठी थांबत नाही.

याउलट, "मला डायबेटिस आहे का?" हा प्रश्न मीटरला विचारायचाच नाही. निदान शिरेतल्या रक्तावर, लॅबमध्ये होतं: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त. लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर न थांबता खात्री करून घेतात. मीटर इथे का चालत नाही? ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ नावाचं मानक आहे. १०० च्या वरच्या शुगरला १०० पैकी ९५ आकडे लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे आले, की मीटर त्या कसोटीला उतरलं. म्हणजे लॅबला १२६ असलेली शुगर मीटरवर १०७ दिसली काय आणि १४५ दिसली काय, मीटर चांगलंच म्हणायचं. इन्सुलिन किती द्यायचं हे ठरवायला तेवढं पुरतं. कुणाला जन्मभराचा आजार आहे की नाही हे ठरवायला पुरत नाही. नातेवाईक घरच्या मीटरचा आकडा दाखवून "डायबेटिस निघाला" म्हणतात तेव्हा त्यांना हे शांतपणे समजावून सांगा.

२. बोटातून रक्त घेताना

यात काय शिकायचं, असं पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटतं. मला तरी हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो.

पेशंटला उठता येत असेल तर साबण-पाण्याने हात धुवायला सांगा. पाणी कोमट असेल तर उत्तम, बोटात रक्त चांगलं येतं. उठता येत नसेल तर ओल्या कपड्याने नीट पुसा आणि कोरडं करा. स्पिरिट वापरलंत तर ते पूर्ण वाळू द्या, ओल्या स्पिरिटमध्ये थेंब पसरतो आणि पातळ होतो. बोटाच्या पेराच्या मध्यावर टोचू नका, तिथे दुखतं. कडेला टोचा. मधलं किंवा करंगळीजवळचं बोट घ्या, आणि दर वेळी वेगळं. दिवसाला सहा वेळा टोचून घेणाऱ्या माणसाला एकाच बोटाचा ठणका किती होतो, ते त्याचा हात धरल्यावर कळतं. मुठीत लपवलेलं बोट असतं ते.

पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसा, दुसरा स्ट्रिपला लावा. थेंब येत नाही म्हणून बोट पिळू नका, पिळलं की रक्ताबरोबर ऊतींतलं पाणी येतं. हात कॉटखाली सोडून थोडा वेळ लोंबू द्या, मनगटाकडून बोटाकडे हलकं चोळा. ज्या हाताला ड्रिप चालू आहे तो हात सोडून दुसरा घ्या. सुजलेलं बोटही नको.

लॅन्सेट, म्हणजे टोचायची सुई, एका माणसाला एकदाच. टोचायचं पेन एकाचं दुसऱ्याला वापरायचं नाही, अगदी सुई बदलली तरी नाही. बोटातल्या त्या एका थेंबातून हेपेटायटिस बी पसरल्याची उदाहरणं जगभर नोंदली गेली आहेत. मीटरला रक्त लागलं तर ते पुसल्याशिवाय पुढच्या कॉटकडे जायचं नाही.

स्ट्रिपची बाटली ही आपल्याकडची दुखरी बाजू. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात बाटलीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेने स्ट्रिपवरचं रसायन बिघडतं, आणि बिघडलेली स्ट्रिपही आकडा दाखवतेच. स्ट्रिप काढा, झाकण लगेच लावा. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख त्यावर पेनाने लिहा. उघडल्यानंतर किती महिने चालते ते बाटलीवर छापलेलं असतं, आणि ती मुदत एक्स्पायरीच्या आधीच संपते. सुट्या स्ट्रिप ॲप्रनच्या खिशात ठेवायची सवय लागली असेल तर ती आजच सोडा. मीटरबरोबर कंट्रोल सोल्युशन (साखरेचं प्रमाण आधीच माहीत असलेलं द्रावण) येतं, ते कपाटात ठेवायला दिलेलं नसतं. ठरल्या दिवशी ते स्ट्रिपवर टाकून आकडा बाटलीवरच्या मर्यादेत येतो का बघा आणि रजिस्टरमध्ये लिहा. लॅबमध्ये रोज सकाळी पहिल्या पेशंटचा नमुना लावण्याआधी हेच करतात.

३. कुणाच्या बोटावर भरवसा ठेवू नये

शॉकमध्ये असलेला पेशंट, बीपी वर ठेवायला नॉरॲड्रेनलिन चालू असलेला, हातपाय गार पडलेला. त्याच्या बोटापर्यंत ताजं रक्त पोचतच नाही. बोटात साचलेल्या रक्तातली साखर आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तातली साखर यांत मोठा फरक पडू शकतो. इथे शिरेतून किंवा धमनीतून नमुना घ्या.

फार कमी हिमोग्लोबिन असेल तर मीटर साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतं, रक्त दाट असेल तर कमी दाखवतं. काही नवी मीटर हा फरक स्वतः भरून काढतात, सगळी नाहीत. आपल्या वॉर्डातलं मीटर कुठल्या हिमॅटोक्रिटपर्यंत (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) चालतं ते त्याच्या माहितीपत्रकात असतं, एकदा वाचून ठेवा. नवजात बाळांचं रक्त दाट असतं आणि त्यांच्या साखरेचे आकडे मुळातच खालचे असतात, जिथे मीटरची अचूकता कमी पडते. म्हणून बाळाच्या टाचेची शुगर कमी आली तर लॅबचा नमुना पाठवायचाच, आणि रिपोर्टची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना बोलवायचं.

अजून दोन गोष्टी कायमच्या लक्षात ठेवा. शिरेतून व्हिटॅमिन सीचे मोठे डोस चालू असतील तर बरीच मीटर चुकतात. आणि पोटातून डायलिसिस चालू असताना आयकोडेक्स्ट्रिनचं द्रावण वापरलं असेल तर काही स्ट्रिप त्यापासून शरीरात तयार होणाऱ्या माल्टोजलाच ग्लुकोज समजतात. मीटरवर २०० दिसतात, इन्सुलिन दिलं जातं आणि पेशंटची खरी साखर तळाला गेलेली असते. यात परदेशात मृत्यू झाले आहेत, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या प्रकारच्या स्ट्रिपबद्दल जाहीर इशारा दिला. डायलिसिसचा पेशंट वॉर्डात आला की हे विचारून घ्या.

४. लॅबला पाठवायचं रक्त

सगळ्यात महाग चूक म्हणजे ड्रिपच्या हातातून, ड्रिपच्या वरच्या बाजूने रक्त घेणं. हिशेब करून बघा. पाच टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम, म्हणजे ५००० मिलिग्रॅम. शुगरचा आकडाही १०० मिलिलिटरमागे मिलिग्रॅममध्येच असतो. तुमच्या नमुन्यात शंभरात एक भाग जरी ड्रिपचं पाणी आलं तरी शुगर जवळपास ५० ने वाढली. ते पाणी दहा भाग असेल तर ५०० ने. अशा नमुन्यात सोडियम, पोटॅशियम, हिमोग्लोबिन मात्र खाली गेलेलं दिसतं. शुगर प्रचंड आणि बाकी सगळं पातळ, असा रिपोर्ट दिसला की आधी विचारा, रक्त कुठल्या हातातून घेतलं?

बल्बचा क्रम पाठ करा: ब्लड कल्चर पहिलं, मग निळं झाकण, मग लाल किंवा पिवळं, मग हिरवं, मग जांभळं, शेवटी राखाडी. हा क्रम उगाच घातलेला नाही. जांभळ्या बल्बमधल्या ईडीटीएत पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियम पकडून ठेवतं. जांभळ्यातलं थोडं रक्त लाल बल्बमध्ये ओतलंत तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम घाबरवणारं आणि कॅल्शियम जगण्याशी न जुळणारं येतं. एका बल्बमधलं रक्त दुसऱ्यात कधीही ओतू नका, कितीही घाई असो. निळ्या बल्बमध्ये एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त लागतं. खुणेपेक्षा कमी भरलं तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) खोटा वाढतो.

शुगरसाठी राखाडी झाकणाचा फ्लोराईड बल्ब. साध्या बल्बमध्ये दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. आमच्या त्या काकूंचे ११८ चे ८९ असेच झाले. फ्लोराईड हे थांबवतं, पण त्याचा पूर्ण परिणाम व्हायला काही तास, कधी चारपर्यंतही, लागतात, म्हणून राखाडी बल्ब भरला तरी तो ट्रेमध्ये विसरू नका. भरल्यावर हळूच आठ-दहा वेळा उलटा-सुलटा करा. जोरात हलवू नका, पेशी फुटतात.

नाव, नंबर आणि वेळ कॉटजवळच लिहा. नर्सिंग स्टेशनवर येऊन चार बल्बवर चार नावं आठवून लिहिणं ही सवय पहिल्या आठवड्यातच मोडली पाहिजे. वेळ म्हणजे रक्त घेतल्याची वेळ. लॅबला बल्ब पोचल्याची वेळ ते लिहितात, ती वेगळी.

५. एबीजी मशीनचे आकडे

आयसीयूतलं एबीजी मशीन (धमनीतल्या रक्तातले वायू मोजणारं) दोन-तीन मिनिटांत ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, पीएच आणि त्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, शुगर, लॅक्टेट देतं. त्याची ताकद मोठी आहे, पण एक आंधळी जागा आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. लॅबमध्ये रक्त सेंट्रिफ्यूज करतात. पेशी फुटल्या असतील तर वरचा सीरम गुलाबी-लाल दिसतो आणि तंत्रज्ञ "हिमोलाइज्ड" लिहून नवा नमुना मागतात. एबीजीत अख्खं रक्त जातं, त्यामुळे पेशी फुटल्या आहेत हे डोळ्यांना दिसतच नाही. फुटलेल्या पेशींतलं पोटॅशियम मात्र मोजलं जातं.

म्हणून एबीजीत पोटॅशियम ६.४ आलं तर आधी मॉनिटर बघा आणि ईसीजी काढा. टी वेव्ह उंच, टोकदार झाल्या असतील, क्यूआरएस रुंद झाला असेल, तर लगेच डॉक्टर, लगेच उपचार. ईसीजी साफ असेल तरी डॉक्टरांना कळवा, आणि दुसरा नमुना नीट शिरेतून, टॉर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) फार वेळ न बांधता, मूठ उघड-मीट न करायला लावता घेऊन लॅबला पाठवा. लॅबचा सीरममधला आकडा थोडासा वर असणं साहजिक आहे, कारण रक्त गोठताना प्लेटलेटमधून पोटॅशियम बाहेर येतं. एवढ्या फरकावरून भांडण नको.

सोडियमचं एक प्रकरण कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. स्वादुपिंडाला सूज आलेला पेशंट, सीरम दुधासारखा पांढरा. लॅबचं सोडियम १२२, एबीजीचं १३८. इथे एबीजी बरोबर होतं. लॅबची बरीच मोठी मशीन रक्तद्रव आधी पातळ करून मग मोजतात आणि त्यात साधारण ९३ टक्के पाणी आहे असं धरून चालतात. चरबी फार वाढली की पाण्याचा वाटा कमी होतो आणि सोडियम खोटंच कमी दिसतं. एबीजी मशीन पातळ न करता थेट मोजतं. म्हणून लॅब नेहमी खरी आणि कॉटजवळचं नेहमी अंदाजाचं, असं मनाशी धरून बसू नका.

नमुना घेताना सिरिंजमध्ये द्रव हेपरिन जास्त राहिलं तर कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट खाली येतात, म्हणून कोरड्या हेपरिनच्या तयार सिरिंज असतील तर त्याच वापरा. हवेचा बुडबुडा लगेच काढा. टोपण लावून सिरिंज दोन्ही तळव्यांत फिरवा आणि ३० मिनिटांच्या आत तपासा.

६. कार्डवरच्या तपासण्या

ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन. त्याचं कॉटजवळच रक्ताचा थेंब टाकून वाचायचं कार्ड निगेटिव्ह आलं म्हणून छातीत दुखणाऱ्या माणसाला घरी पाठवायचं नसतं. पहिले काही तास ट्रोपोनिन वाढलेलंच नसतं, आणि बरीच कार्डं लॅबच्या हाय सेन्सिटिव्हिटी तपासणीइतकी बारीक वाढ पकडत नाहीत. पेशंट आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी, दुखणं किती वाजता सुरू झालं याची नोंद, आणि डॉक्टर सांगतील त्या वेळेला दुसरा नमुना. कार्ड ठरलेल्या मिनिटांतच वाचा. तासाभराने उमटलेली फिकट रेघ धरायची नाही.

मलेरियाचं कार्ड गडचिरोलीच्या आतल्या गावात आशाताईच्या पिशवीत असतं, कारण रक्ताची काच तपासून निकाल २४ तासांत मिळणार नसेल तिथे तेच करायचं, असं राष्ट्रीय धोरण आहे. तिथे ते जीव वाचवतं. वॉर्डात मात्र त्याच्याबरोबर काचही पाठवा. फाल्सिपेरमचं कार्ड औषध पूर्ण झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतं, त्यामुळे उपचार लागू पडतोय का हे काचेवरच्या परजीवींच्या मोजणीवरूनच कळतं.

डेंग्यूच्या रॅपिड कार्डवरून "शक्यता आहे" एवढंच म्हणता येतं. खात्री लॅबमधल्या एलायझा तपासणीने: पहिल्या पाच दिवसांत एनएसवन (विषाणूचं प्रथिन), त्यानंतर आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं). आणि प्लेटलेट अचानक २० हजार आले, पण पेशंट ठीक दिसतोय, तर जांभळ्या बल्बमध्ये गुठळी होती का आणि काचेवर प्लेटलेटचे पुंजके दिसतात का, हे लॅबला विचारा. तोवर रक्ताच्या पिशवीसाठी नातेवाइकांना पळवू नका.

७. दोन आकडे शेजारी ठेवताना

तुलना करायची तर सकाळी उपाशीपोटी करा. जेवणानंतर बोटातली साखर शिरेतल्यापेक्षा खरोखरच जास्त असते, कारण शिरेपर्यंत येताना ऊतींनी त्यातली काही घेतलेली असते. जेवणानंतरचा फरक बघून मीटर बाद ठरवणं हा मीटरवर अन्याय आहे. बोटातून आणि शिरेतून पाच मिनिटांच्या आत घ्या, फ्लोराईड बल्ब भरा, तो स्वतः लॅबपर्यंत न्या आणि लॅबच्या दादांना तुलनेसाठी आहे हे सांगा. फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर मीटर कामाचं आहे. पुन्हा पुन्हा बाहेर जात असेल तर नवी बाटली, कंट्रोल सोल्युशन, आणि तरीही नाही जमलं तर मीटर बाजूला काढून त्यावर चिठ्ठी लावा, म्हणजे नाइटची सिस्टर तेच उचलणार नाही.

आकडा पेशंटशी जुळत नसेल तर पेशंटकडे बघा. घामाने भिजलेला माणूस आणि मीटरवर ११०, तर दुसऱ्या बोटातून पुन्हा घ्या. हसत बसलेला माणूस आणि मीटरवर ३८, तरीही पुन्हा घ्या, पण तोवर ग्लुकोज जवळ ठेवा आणि डॉक्टरांना हाक मारलेली असू द्या.

८. केसपेपरवरची एक ओळ

एचजीटी रजिस्टरमध्ये नुसता आकडा लिहू नका. आमच्या वॉर्डात आता अशी ओळ लिहितात:

"सकाळी ६:०५, एचजीटी ३४२, उजवं मधलं बोट, ड्रिप डाव्या हाताला. पेशंट शुद्धीत, लक्षणं नाहीत. हातावर संत्र्याचा रस. हात धुवून ६:१०, डावी अनामिका सोडून उजवी अनामिका, १३८. इन्सुलिन दिलं नाही. डॉक्टरांना ६:१२ ला कळवलं. फ्लोराईड बल्ब ६:१५, उजव्या हातातून, लॅबला ६:३० ला पोचवला."

लिहायला जेमतेम एक मिनिट लागतं. दुपारी लॅबचा रिपोर्ट १३१ आला, तेव्हा राउंडला कुणालाच काही विचारावं लागलं नाही.